बोले बेकरीवाल्याला, लागे मामंजींना

पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात तिला 'भोंगा सिस्टर' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून ती त्यावर खूशच होती. वॉर्डाच्या एका टोकाला टेबलाशी बसून ती दुसऱ्या टोकाच्या पेशंटला विचारायची, "काय हो, वारा सरला का?" तो बिचारा उशीत तोंड खुपसून मान हलवायचा.

"मान नका हलवू, तोंडाने सांगा! ऑपरेशन पोटाचं झालंय, जिभेचं नाही!"

मग सगळा वॉर्ड खिदळायचा, तो पेशंटसुद्धा. हसताना टाके ओढले की ही तिथूनच ओरडायची, "उशी धरा पोटाशी! शिकवलंय ना? हसतानाही धरायची!"

तिचं म्हणणं साधं होतं. ऑपरेशनला जाताना माणूस अंगठी काढून देतो, चष्मा काढून देतो, कवळी काढून देतो. तशीच लाजही काढून बायकोच्या हातात द्यायची आणि घरी जाताना परत मागून घ्यायची. ज्यांनी लाज सोबत नेली त्यांचेच हाल झालेले तिने पाहिले होते. दुखत असताना 'छे, काही नाही' म्हणणारा शूर गडी भीतीने खोकत नाही; खोकला नाही की कफ साठतो, कफ साठला की ताप येतो, आणि चार दिवसांत घरी जाणारा माणूस तिथेच ठाण मांडतो. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती प्रत्येकाची तालीम घ्यायची. श्वास पोटापर्यंत कसा न्यायचा, टाक्यांवर उशी दाबून कसं खोकायचं, पडल्या पडल्या घोटे कसे फिरवायचे, उठताना आधी कुशीवर वळून मग कोपरावर भार कसा द्यायचा. आणि सगळ्यात शेवटी, लघवी, वारा, दुखणं यांची नावं मोठ्याने कशी घ्यायची. या शेवटच्या धड्यात चांगले मिशा राखलेले पुरुष नापास व्हायचे.

आता हीच बाई घरात कशी होती ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही. घरात तिचा आवाज म्हणून ऐकू यायचा नाही. कारण घरात मामंजी होते.

मामंजींनी म्हणजे तिच्या सासऱ्यांनी उभा जन्म सार्वजनिक वाचनालयात काढला होता. पुस्तकं देणं-घेणं हे नावाला. खरं काम वाचकांना गप्प बसवण्याचं. खुर्ची सरकली की ते चष्म्यावरून बघत, कुणी कुजबुजलं की ओठांवर बोट ठेवत. निवृत्त झाले तेव्हा वाचनालयाने त्यांना शाल दिली आणि शांतता त्यांनी आपली आपणच घरी आणली. सुनेशी ते कधी थेट बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. ती लग्न होऊन आली त्या दिवशी दोघांनाही काय बोलावं ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी, काल बोललो नाही मग आज एकदम कसं बोलायचं, म्हणून अवघड वाटलं. आणि मग घराला तेच वळण पडलं. मामंजींना चहा हवा असला की ते हातातल्या वर्तमानपत्राला विचारत, "चहा होतोय का कुठे?" आणि ही भांड्यांच्या फळीला उत्तर देई, "उकळतोय." लग्नाला पुरी वीस वर्षं झाली तरी वर्तमानपत्र आणि फळी यांचा संवाद अखंड चालू होता.

याहून मोठं काही सांगायचं झालं तर ते सासूबाईंमार्फत जाई, आणि तिथेच सगळं पाणी मुरत असे. सासूबाई निरोप जसाच्या तसा पोचवत नसत. वाटेत त्याला जरा तिखटमीठ लावायचं, कडू लागेल तो भाग काढून टाकायचा, आणि मगच पुढे वाढायचं, हा त्यांचा खाक्या.

काही वर्षांपूर्वी सुनेच्या लक्षात आलं की शिंक आली, खोकला आला की मामंजी उजवा हात झटकन पँटच्या खिशात घालतात आणि जांघेशी दाबून धरतात. ऑफिसातल्या माणसाला ती सवय वाटली असती. सर्जरी वॉर्डातल्या सिस्टरला तो हर्निया दिसला. तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याला बापाशी असलं बोलायची लाज, म्हणून त्याने आईला सांगितलं. सासूबाईंनी मामंजींना सांगितलं, "सूनबाई म्हणतेय, चारचौघांत खिशात हात घालून उभं राहणं बरं दिसत नाही." मामंजींनी विचार केला आणि उलट निरोप आला: "बरं. यापुढे डावा घालीन."

हसू येण्यासारखंच आहे, आणि ती हसलीही. पण त्या हसण्यात गोष्ट मागे पडली ती पडलीच. शेवटी एक दिवस माळ्यावरून जुन्या मासिकांचा गठ्ठा उतरवताना मामंजी जमिनीवर बसले ते उठेचनात. जांघेतली गाठ बाहेर येऊन अडकली होती. दवाखान्यात नेल्यावर गाठ आत गेली, तेव्हा सर्जन म्हणाले, "या वेळी सुटलात. पुढच्या वेळी आतडं पिळवटलं तर मला सांगू नका." सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि ही भिंतीला टेकून उभी होती. आपण या माणसाला एक वाक्य तोंडावर सांगितलं असतं तर ही पाळी आली नसती, हे तिला चांगलंच बोचलं.

ऑपरेशन ठरलं तिच्याच वॉर्डात. तिने मोठ्या बाईंकडे, म्हणजे मेट्रनकडे, जाऊन दुसऱ्या वॉर्डात ड्यूटी मागितली. मोठ्या बाई म्हणाल्या, "सासरा आला म्हणून बदली द्यायला लागले तर उद्या जो तो सासरा घेऊन येईल. जा."

मामंजींची एकच अट होती, आणि ती सासूबाईंनी या खेपेला काही भर न घालता पोचवली, यावरूनच ती किती गंभीर होती ते कळावं. "बाकी काय वाटेल ते करा म्हणतात. पण लघवीची नळी नको." मामंजींच्या थोरल्या भावाला म्हातारपणी नळी लागली होती. ती पिशवी कुणाला दिसेल या धाकाने ते शेवटपर्यंत घराच्या दाराबाहेर पडले नाहीत. वाचनालयात नेमाने येणारा माणूस, पण मामंजींनी पुस्तकं घरी नेऊन द्यायची आणि त्यांनी पडद्याआडून घ्यायची. मामंजी हे विसरले नव्हते.

आणि सुनेला नेमकी त्याचीच भीती होती. पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचं अंग बधिर केलं की म्हाताऱ्या पुरुषांची लघवी हटकून अडते. वेळेवर सांगितलं तर उभं करून, धीर देऊन, नळीवाचून काम होतं. लाजेने दाबून ठेवलं तर मूत्राशय ताणून थकतं, आणि मग नळी टळत नाही; एकदा बसलेली नळी या वयात कधी निघेल याचा भरवसा नाही. म्हणजे सगळं मामंजींच्या तोंडावर अवलंबून, आणि ते तोंड तर वीस वर्षं मिटलेलं.

शेजारच्या खाटेवर एक बेकरीवाला होता. पिठाची पोती उचलून उचलून त्यालाही हर्निया झालेला. त्याचा डावा, मामंजींचा उजवा, आणि ऑपरेशन दोघांचं एकाच दिवशी. माणूस गुबगुबीत, बोलका, लाजेशी ओळख नसलेला. त्याला बघून तिला एकदम वाट सापडली. लेकी बोले सुने लागे अशी आपल्याकडची रीत. इथे सून बोलणार होती आणि लागायचं होतं सासऱ्याला. ती बेकरीवाल्याच्या खाटेशी उभी राहिली, मामंजींकडे पाठ केली, आणि आवाज मात्र मागे ऐकू जाईल असा लावला.

"श्वास घ्या! पोट फुगलं पाहिजे!"

"ते फुगलेलंच आहे, सिस्टर."

"आणखी फुगवा. आता ही चादरीची घडी जांघेवर दाबा आणि खोका. असं नाही, छातीतून!"

बेकरीवाला खोकला. मागच्या खाटेवरूनही एक बारीक, सभ्य खोकला ऐकू आला. तिने वळून पाहिलं नाही, पण तिच्या जिवाला बरं वाटलं.

"आता कूस, कोपर, मग पाय खाली. पुन्हा! पुन्हा!"

"अहो, तीनदा झालं की. मला एकट्यालाच एवढं का?"

"तुम्ही हुशार वाटता म्हणून. आणि आता कान देऊन ऐका. उद्या पायांना जाण आली की लघवी व्हायला हवी. झाली की मला सांगायचं. नाही झाली तर आधी सांगायचं. पोटात ठेवून बसलात तर नळी घालावी लागेल. ऐकू आलं का?"

"रस्त्यापलीकडच्यांनासुद्धा आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा बेकरीवाल्यालाच गाठलं. "रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं का?" बेकरीवाला काही मूर्ख नव्हता. एवढ्या वेळात त्याने पाणी जोखलं होतं. त्याने शेजारी पाहिलं, मामंजींनी किंचित मान हलवली, आणि तो म्हणाला, "दोघांनीही नाही." कवळी? "माझे दात माझेच आहेत. यांची काढून डबीत ठेवलीय." झालं! सासूबाईंच्या जागी बेकरीवाल्याची नेमणूक झाली, आणि सगळ्यांना वाटलं, काय सोय झाली.

ऑपरेशनं छान झाली. आधी बेकरीवाला बाहेर आला, मागून मामंजी. ती दोघांची नाडी, ब्लडप्रेशर बघत होती, पट्टी रक्ताने भिजली नाही ना ते बघत होती, पायांना चिमटे काढून जाण किती वर आली ते बघत होती. बेकरीवाल्याला चिमटा काढताना "कळतंय का?" विचारायची आणि मामंजींना मुकाट्याने काढायची. ते अंगठा हलवून कळवायचे. सासूबाई समोर बसून दोन्ही बाजूंना हसत होत्या. मामंजींचे पाय हलायला लागले तशा त्या निर्धास्त झाल्या आणि अंघोळ करून येते म्हणून घरी गेल्या.

त्यानंतर वॉर्डात एक पेशंट उलट्या करू लागला, एकाचा सलाइनचा हात सुजला, एकाचे नातेवाईक आठ जण मिळून आत घुसले. या धांदलीत तिने टेबलापासूनच आवाज दिला, "बेकरीवाले! लघवी झाली का?"

"झाली! मोकळा झालो!"

तिने दोघांच्या कागदांवर 'झाली' लिहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

आता यात चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा. सकाळपासून बेकरीवाला दोघांचं मिळून बोलत होता हे खरं. पण हा प्रश्न त्याला नावाने विचारला होता, आणि तो त्याच्या इतक्या जिव्हाळ्याचा होता की शेजाऱ्याची आठवण कुणाला होणार? मामंजी तर बाजूच्याच खाटेवर होते. त्यांना ऐकू आलं, टेबलाशी दोन कागदांवर काहीतरी लिहिलं गेलं तेही दिसलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी चहा फिरला. बेकरीवाल्याने घेतला, मामंजींनी हाताने नको म्हटलं. चहा आणि मामंजी नको म्हणतात? ती उठून आली. कपाळावर घाम, ओठ दाबलेले, हाताची बोटं खाटेच्या दांडीला घट्ट धरलेली. नाडी पळत होती. तिने सवयीने बेकरीवाल्याकडे तोंड केलं. "दुखतंय का?"

"मला? मुळीच नाही."

तिने चादरीवरून मामंजींच्या बेंबीखाली हात ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांना असा हात लावला असेल. पोट गच्च फुगलेलं होतं.

"अहो, झाली म्हणालात ना?" ती बेकरीवाल्यावर खेकसली.

"माझी झाली! तुम्ही मला विचारलंत, मी माझं सांगितलं."

"आणि यांचं?"

बेकरीवाल्याने कप खाली ठेवला. "यांचं तुम्ही विचारलंच नाहीत, सिस्टर."

तिने जाऊन सर्जनना फोन लावला. ते म्हणाले, "उभं करून बघा. मी येतोच आहे. नाही झाली तर नळी टाकू." ती परत आली, खाटेभोवतीचा पडदा ओढला, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मामंजी! तुम्हाला लघवी झालेली नाही!"

वॉर्डातलं सगळं बोलणं थांबलं. मामंजींचं बोट आपसूक ओठांवर गेलं.

"बोट खाली घ्या. घरात तुमचं चालतं, इथे माझं चालतं. उठायचंय. आधी कुशीवर—"

पण तिला पुढे सांगावंच लागलं नाही. मामंजी कुशीवर वळले, चादरीची घडी जांघेवर दाबली, कोपरावर भार दिला आणि पाय अलगद खाली सोडले. एक हालचाल चुकली नाही. बेकरीवाल्याला तीनदा शिकवून जे नीट आलं नव्हतं ते या माणसाने नुसतं ऐकून पाठ केलं होतं. तिला भरून आलं, आणि त्याचबरोबर रागही आला. सगळं शिकलात आणि तोंड उघडायचं तेवढं राहिलं!

चक्कर येऊन पडू नयेत म्हणून तिने त्यांचा दंड धरला, भांडं हातात दिलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. काही होईना. पडद्याच्या आतच कोपऱ्यात बेसिन होतं, त्याचा नळ तिने दुसऱ्या हाताने सोडला. त्यातून करंगळीएवढी धार आली. तरी काही नाही. पडद्यापलीकडे सगळा वॉर्ड श्वास रोखून बसला होता. त्यांची माया होती, पण इतक्या शांततेत, इतके कान टवकारलेले असताना, कुणाला व्हायची?

"कुणीतरी..." मामंजी पडद्याला म्हणाले, आणि थांबले. मग हळूच म्हणाले, "सूनबाई."

"काय, मामंजी?"

"जरा मोठ्याने काहीतरी बोल. सगळे ऐकतायत."

"काय बोलू?"

"काहीही. पण थांबू नकोस."

तिने सुरुवात केली. श्वास पोटापर्यंत घ्यावा, जड उचलू नये, संडासला जोर करू नये, टाके भिजवू नयेत, असा सगळा धडा तिने खणखणीत आवाजात म्हणून टाकला. धडा संपला. थांबायचं नव्हतं. मग जे तोंडाला आलं ते ती बोलत सुटली.

"वीस वर्षं मी फळीला उत्तरं देतेय! तुम्ही खिशात हात का घालता ते मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच कळलं होतं! दुनियेला विचारते मी, झाली का, सरला का, दुखतंय का, आणि घरातल्या माणसाला विचारायला मला बेकरीवाला लागतो! त्या दिवशी आतडं पिळवटलं असतं तर? आम्ही काय केलं असतं? तुमची भीती नाही वाटत मला, तुम्ही कधी रागावला नाहीत, कधी टाकून बोलला नाहीत, माझी दुपारपाळी लांबली की दाराला आतून कडी न लावता बाहेरच्या खोलीत जागे बसायचात, ते काय मला कळत नव्हतं? मग एवढं सगळं कळत असताना मी एक प्रश्न का नाही विचारला? सांगा ना!"

तिचा आवाज फाटला. पण ती थांबली नाही, तेच तेच पुन्हा म्हणत राहिली, आणि त्या आवाजाखाली आधी थेंब, मग अडखळत, मग सरळ धार लागली. ती ऐकू आली तशी तिने आवाज आणखी चढवला.

बराच वेळ लागला. मग मामंजींचा दंड सैल पडला. त्यांनी भांडं तिच्या हातात दिलं आणि टेकून बसले. चेहरा घामाने ओला होता, पण कपाळावरच्या आठ्या उतरल्या होत्या.

"विचारलं असतंस," ते म्हणाले, "तरी मी उत्तर दिलं नसतं."

"ठाऊक आहे मला."

"पण विचारायला हवं होतंस." त्यांनी चादर सारखी केली. "आता विचार."

भरलेलं भांडं तिच्या हातात होतं. पडद्यापलीकडे कुणी खोकतही नव्हतं. तिने पदराने नाक पुसलं, घसा साफ केला, आणि टेबलापासून विचारायची तसं विचारलं, "मामंजी, लघवी झाली का?"

"झाली, सूनबाई," मामंजी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.